पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो का?

‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतोच. अंधारात पिंपळाचं पान आपल्यासारखंच श्वसन करतं. निवडुंग रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं, पण ऑक्सिजन सोडतो तो दिवसाच.

पडताळायचं तर ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, अंधार पडल्यावर, झाडावरचं पान वायू मोजणाऱ्या यंत्राच्या चिमट्यात धरा. बाहेर येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसेल. त्याआधी रिकाम्या चिमट्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे आकडे जुळवून घ्या. पिंपळाची मधली शीर जाड, तिच्यावर गॅस्केट, म्हणजे चिमट्याची हवा अडवणारी मऊ कड, नीट बसत नाही. शीर टाळूनच पान धरा. आणि जवळ श्वास सोडू नका! उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, मोकळ्या हवेच्या जवळपास शंभरपट. बारीक फटही आकडा बिघडवते.