ऑप्रीतला ‘पहिला’ कृष्णवर्णीय कोण: डीफोर्ड बेली की चार्ली प्राइड?

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचा पहिला कृष्णवर्णीय सदस्य म्हणून चार्ली प्राइडचं नाव बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. ते चूक आहे. प्राइड 1993 मध्ये सदस्य झाला. डीफोर्ड बेली त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी तिथला नियमित वादक होता.

टेनेसीत 1899 मध्ये जन्मलेला बेली लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळला आणि पडल्या पडल्या माउथ ऑर्गन शिकला. डिसेंबर 1927 मध्ये त्याच्या ‘पॅन अमेरिकन ब्लूज’नंतर निवेदक जॉर्ज ‘हे’ (हे त्याचं आडनाव) गमतीत म्हणाला, आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री! कार्यक्रमाचं नाव पडलं ते त्या रात्री. या तुकड्यात आगगाडी येऊन निघून जाते. अशी गाडी वाजवताना नवशिके नुसतं फुंकत राहतात आणि तालाच्या चार आवर्तनांत धापा टाकतात. गाडीची लय श्वास आत ओढणं आणि फुंकणं यांच्या आलटापालटीवर चालते. शिटीसाठी मधली दोन छिद्रं एकत्र ओढायची आणि ओंजळ उघडझाप करायची.

1941 मध्ये रेडिओ कंपन्या आणि गीतांचे हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात पैशांवरून जुंपली. बेलीचे गाजलेले तुकडे प्रसारणातून बाद झाले, आणि पाठोपाठ तोही. निवेदक जॉर्ज ‘हे’ याने पुढे त्यालाच आळशी ठरवलं. त्यानंतर पोटापुरती कमाई त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर केली. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं 2005 मध्ये, तो जाऊन 23 वर्षं झाल्यावर.

प्राइडची गोष्ट वेगळीच. मिसिसिपीतल्या स्लेजचा, आधी निग्रो लीगमधला (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांमधला) बेसबॉलपटू, मग माँटानात धातू वितळवण्याच्या कारखान्यात कामगार. 1965 मध्ये आरसीए या तबकड्यांच्या कंपनीने करार केला, पण सुरुवातीच्या तबकड्या रेडिओ केंद्रांना गेल्या त्या फोटोविना. आवाज आवडल्यावर मग चेहरा दिसला. 1971 मध्ये तो कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षाचा सर्वोत्तम कलाकार ठरला. ऑप्रीचं बोलावणं त्याला साठच्या दशकातच आलं होतं; सदस्याला वर्षातले बरेच शनिवार तिथे द्यावे लागत, म्हणून त्याने नाही म्हटलं.

प्राइडला ‘गायक-गीतकार’ म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. त्याचं गाजलेलं ‘किस ॲन एंजल गुड मॉर्निन’ हे गाणं बेन पीटर्सने लिहिलेलं आहे. गीतकारही असलेला कृष्णवर्णीय गायक हवा, तर डेरियस रकर: 2008 चं त्याचं पहिलं अव्वल कंट्री गाणं त्याने सहलेखनात रचलं होतं आणि 2012 मध्ये तोही ऑप्रीचा सदस्य झाला.