सोडून देणारे मणी: सच्छिद्र रेझिनची पार्श्वभूमी

सच्छिद्र रेझिनचे, म्हणजे बारीक भोकं असलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, कोरडे मणी पाण्यात टाकले की बरेचसे वरच तरंगत राहतात. आधी मिथेनॉलमध्ये भिजवायचे, मग पाण्याने धुवायचे, तेव्हा कुठे ते तळाशी बसतात. पाणी स्वच्छ करायला आणलेल्या पदार्थाचं पाण्याशीच जमत नाही, हे नवख्याला गमतीचं वाटतं. पण त्याचं सगळं काम या न जमण्यावरच चालतं. फिनॉल, टोल्युइन, अनेक कीटकनाशकं यांच्या रेणूंतल्या बेंझीनच्या कड्यालाही पाण्यात करमत नसतं. मणी ज्या प्लास्टिकचे असतात त्या पॉलिस्टायरीनची भिंत दिसली की ते तिला जाऊन चिकटतात. हे शोषण नव्हे, अधिशोषण. स्पंजात पाणी मुरतं तसं इथे काही मुरत नाही, पृष्ठभागावर थर बसतो. म्हणून भिंत जितकी जास्त तितकं बरं.

भिंतीवर चिकटवण्याची युक्ती जुनीच. लोविट्झ या रसायनज्ञाने १७८५ मध्ये कोळशाने द्रावणांचा रंग काढून दाखवला होता. रेझिन मात्र आलं वेगळ्याच कामासाठी. १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेत अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी फिनॉल-फॉर्मल्डिहाइडची रेझिन्स पाण्यातल्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, अदलाबदल करतात हे दाखवलं. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा करून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. किस्सा म्हणून छान आहे. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये डी'अलेलिओने स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीन यांची जाळी विणून त्यावर आयन धरणारे सल्फोनिक गट बसवले. त्याचं पेटंट १९४४ चं. पाणी मऊ करणारी आजची बहुतेक रेझिन्स याच घराण्यातली.

या मण्यांना कायमची भोकं नव्हती. पाण्यात फुगले की साखळ्यांमध्ये जी फट पडेल तीच वाट, वाळले की तीही बंद. फुगण्या-आक्रसण्याने मणी तडकत. त्याहून मोठी कटकट म्हणजे नदीच्या पाण्यातली, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारी तपकिरी ह्युमिक द्रव्यं आत अडकून बसत आणि धुऊनही निघत नसत. सेंद्रिय घाण रेझिनला चिकटते, ही तेव्हा तक्रार होती. तीच पुढे रेझिनची ओळख होईल असं कोणाला वाटलं असेल?

उपाय निघाला १९५० च्या दशकाच्या अखेरीस. मणी तयार होताना त्यात असा द्रव मिसळायचा, जो स्टायरीनमध्ये विरघळतो, पण तयार होणाऱ्या पॉलिमरला विरघळवत नाही. पॉलिमर बारीक गोळ्यांच्या रूपात वेगळा होतो, गोळ्या एकमेकींना चिकटतात, शेवटी द्रव काढून घेतला की त्याची जागा रिकामी राहते. ती पोकळी कोरड्या मण्यातही टिकते. रोम अँड हास कंपनीच्या कुनिन, माइट्झनर आणि बोर्टनिक यांनी १९६२ मध्ये या रचनेचं वर्णन छापलं. मग त्याच दशकात आयनांचे गट गाळून नुसता उघडा सांगाडाच विकायला आला, अँबरलाइट एक्सएडी या नावाने. त्यातल्या एक्सएडी-४ च्या एका ग्रॅममध्ये ७०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. मॉस्कोत दावान्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी फुगलेल्या साखळ्याच जागच्या जागी एकमेकींना जखडून हा आकडा १००० च्या पुढे नेला.

या मण्यांचं नाव आधी झालं ते शुद्धीकरणात नव्हे, तपासणीत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स गावच्या विहिरीच्या पाण्याला चमत्कारिक चव येत होती. तिथल्याच विद्यापीठातल्या रसायनज्ञांनी ते पाणी एक्सएडी-२ मधून सोडलं, अडकलेलं द्रव्य ईथरने धुऊन काढलं आणि यंत्रावर ओळखलं. माग निघाला कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्याने काही दशकांपूर्वी टाकलेल्या डांबरी कचऱ्यापर्यंत. १९७२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

माझ्या मते रेझिनची खरी मातब्बरी या धुऊन काढण्यातच आहे. पकडायला सक्रिय कार्बनही कमी नाही, अनेकदा तो सरसच ठरतो, आणि स्वस्तही पडतो. पण त्याने धरलेलं सोडवायचं तर बहुधा भट्टीत तापवावं लागतं. रेझिनची पकड सैल. फिनॉलने भरलेल्या मण्यांच्या स्तंभातून कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडलं की फिनॉलचा ऋणभारित फिनोलेट होतो, त्याला पाणीच जवळचं वाटू लागतं आणि तो भिंत सोडून वाहून येतो. मणी पुन्हा कामाला तयार, आणि फिनॉलही हाती परत. म्हणून रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यात, जिथे घाण म्हणजे वाया जाणारा मालच असतो, तिथे रेझिन परवडतं.

आता पीएफएएस या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांमुळे गाडी पुन्हा आयन गटांकडे वळली आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या त्यांतल्या दोन रसायनांना प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. या रेणूंचं ऋणभारित टोक रेझिनवरच्या धन गटाला धरतं आणि फ्लोरिनची शेपटी सांगाड्याला, म्हणजे दुहेरी पकड. ती सुटायला नुसतं मिठाचं पाणी पुरत नाही, सोबत अल्कोहोल लागतं. मग उरलेल्या त्या विषारी धुवणाचं काय करायचं, हा घोळ राहतोच. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी हे मणी बहुतेक ठिकाणी एकदाच वापरतात आणि भरले की जाळायला पाठवतात.