पेशंटची गाठ उंदरात कशी पोचली

"ब्रेन ट्यूमरवर औषध सापडलं, उंदरांवर यशस्वी" असा मेसेज कोल्हापुरातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच असतोय, आणि ज्यांच्या घरचं माणूस महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळच्या टाटाला ये-जा करतंय ते लगेच विचारतात, आपल्याला कधी मिळणार. पण आधी बघायचं की उंदरात गाठ कुणाची होती.

पूर्वी सगळं काचेच्या डिशमध्ये चालायचं. यू-८७ नावाच्या पेशी १९६० च्या दशकात स्वीडनच्या उप्सालात एका पेशंटच्या गाठीतून वाढवल्या, जगभर वाटल्या, त्यावर ढिगानं पेपर निघाले, आणि २०१६ ला उप्सालाच्याच लोकांनी डीएनए तपासला तर बाजारात मिळणाऱ्या पेशी त्या मूळ पेशंटच्या नाहीतच! ब्रेन ट्यूमरच्याच असाव्यात, पण कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही. शिवाय या पेशी उंदराच्या मेंदूत घातल्या की गोल गोळा होऊन बसतात, खरा ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा सगळ्यात जोरात वाढणाऱ्यांपैकी एक कॅन्सर, तर गवताच्या मुळ्यांसारखा आजूबाजूला पसरतो, म्हणूनच ऑपरेशननंतर परत येतो.

उंदराची बाजू वेगळी. १९६२ ला ग्लासगोत बिनकेसांचा उंदीर सापडला, १९६८ ला कळलं की त्याला प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार करणारी थायमस ग्रंथीच नाही, म्हणजे परकं काही घातलं तरी शरीर हाकलून देत नाही. १९६९ ला कोपनहेगनमध्ये रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी माणसाच्या आतड्याचा कॅन्सर त्यात वाढवून दाखवला. १९८३ ला त्याहून कमी प्रतिकारशक्तीचा स्किड उंदीर आला. २००४ ला टोरांटोत डर्क्स यांच्या टीमनं गाठीतल्या ठराविक पेशी, फक्त १००, अशा उंदराच्या मेंदूत सोडल्या तरी ट्यूमर उभा राहिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सारकारिया यांच्या टीमनं तर पेशंटची गाठ डिशमध्ये मुरवत न बसता उंदरातूनच पुढच्या उंदरात नेली, कारण डिशमध्ये गाठीची वाढ जोरात करणाऱ्या ईजीएफआर जीनच्या जादा कॉपी हरवतात. मेंदूतच गाठ घालायचं कारण, रक्तातून मेंदूत औषध शिरूच न देणारा अडसर कातडीखालच्या गाठीला नसतोच.

माझ्या मते अजून दोन अडचणी मोठ्या आहेत. प्रतिकारशक्तीच नाही म्हटल्यावर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारे उपचार, तपासणार कशी? आणि वेळ. २००५ च्या ग्लायोब्लास्टोमावरच्या टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या ट्रायलमध्ये औषध आणि रेडिएशन दोन्ही देऊनही निम्मे पेशंट १४.६ महिन्यांच्या आतच गेले, इथं उंदरात गाठ धरायलाच काही महिने जातात, म्हणजे त्याच पेशंटसाठी औषध तपासायला वेळ उरत नाही, काही गाठी तर धरतच नाहीत, खासकरून सावकाश वाढणाऱ्या आयडीएच नावाच्या जीनमध्ये बदल असलेल्या, त्यामुळं आज हाताशी असलेली मॉडेल्स बहुतेक जोरात वाढणाऱ्या ट्यूमरचीच आहेत.