भांगेपासून आनंदामाइडपर्यंत

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी आदी किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली, तेव्हा कोकणात भांग व गांजाच्याच झाडापासून मिळणाऱ्या या पदार्थाची चर्चा तस्करीच्या अंगाने झाली. मेंदूवरील त्याच्या परिणामांची नोंद मात्र याच किनारपट्टीवर साडेचार शतकांपूर्वी झालेली आहे.

१५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानात जावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, असे गुजरातचा सुलतान बहादूरशहा सांगत असे, ही हकिकत त्यात आहे. त्याहून मोलाची साक्ष ओर्ताच्या घरच्या नोकरांची. त्याच्या नकळत भांग घेणाऱ्या या नोकरांनी श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न होते आणि भूक लागते, असे सांगितले. या यादीत विस्मरण हा भांगेचा ठळक परिणाम नाही, आणि जे लक्षातच राहिले नाही ते कोणी आपणहून सांगेल, अशी अपेक्षाही करता येत नाही.

पुढे १८९३-९४ च्या भांग-गांजाविषयीच्या ब्रिटिश चौकशी आयोगाने मनोरुग्णालयांच्या नोंदवह्या तपासल्या. वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव बऱ्याचदा पुरेशा चौकशीविना लिहिले गेल्याचे आढळले. शरीरात नेमके काय घडते, हे सांगण्याची साधने तेव्हा नव्हती.

ती विसाव्या शतकात आली. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी टीएचसी या भांग-गांजातील मुख्य मादक घटकाची रचना उलगडली. १९८८ मध्ये तो मेंदूत ज्याला चिकटतो त्या सीबी-१ ग्राहीचा, म्हणजे पेशीवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचा, पुरावा मिळाला. आणि १९९२ मध्ये त्याच ग्राहीसाठी मेंदू स्वतः तयार करीत असलेला रेणू सापडला, ज्याचे नाव संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून आनंदामाइड ठेवले गेले.

हा रेणू उलट्या दिशेने काम करतो. संदेश घेणारी पेशी तो गरजेपुरता सोडते, तो मागे जाऊन संदेश धाडणाऱ्या पेशीला आवर घालतो आणि लगेच विघटित होतो. टीएचसी मात्र तेथे रेंगाळतो व नको तेव्हाही आवर घालत राहतो. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात सीबी-१ ग्राही दाट असल्याने ग्लुटामेटसारख्या रासायनिक दूतांचे स्रवण तेथे घटते आणि पेशींमधील जोडण्या पक्क्या होण्यात अडथळा येतो. म्हणूनच नशेत माणसाला बालपणीचा गाव आठवतो, पण आपण बोलायला सुरुवात केलेले वाक्य निसटते.

दीर्घकाळ रोज सेवन केल्यास हे ग्राही कमी होतात. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासात सुमारे चार आठवड्यांच्या वर्जनानंतर ते बरेचसे पूर्ववत झालेले दिसले. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्या वयात मेंदूतील जोडण्यांची छाटणी व बांधणी चालूच असते आणि आनंदामाइडची यंत्रणा त्या कामातही गुंतलेली असते.