चालू डबा काढायचा कधी? विमानातल्या जुन्या दिशादर्शक उपकरणांची पार्श्वभूमी

विमानाचा सांगाडा नीट निगा राखली तर पन्नास वर्षे सहज टिकतो. इंजिनही ओव्हरहॉल करत करत चालवता येते. पॅनेलमधली दिशादर्शक उपकरणे मात्र त्या मानाने फार लवकर म्हातारी होतात. त्यामुळे जुने विमान बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे, मग तो एकटा मालक असो की मोठी विमान कंपनी, हा प्रश्न येतोच: उपकरणाचा डबा चालू आहे, तरी काढायचा का? चर्चा बहुतेक वेळा किमतीपासून सुरू होते. गेल्या नव्वद-शंभर वर्षांत जी उपकरणे बाद झाली त्यांची यादी पाहिली, तर त्यांतली फार थोडी स्वतः बिघडल्यामुळे गेली असे दिसते. बहुतेकांच्या बाबतीत जमिनीवरचे केंद्र बंद पडले, मार्ग-विमानतळांच्या माहितीचा डेटाबेस मिळेनासा झाला किंवा सुटे भाग संपले. डबा शेवटपर्यंत ठणठणीत होता.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रेडिओ रेंज केंद्रे उभी राहिली, तेव्हा वैमानिक अक्षरशः कानाने वाट शोधत. मार्गाच्या एका बाजूला मोर्समधले 'ए' अक्षर ऐकू येई, दुसऱ्या बाजूला 'एन'. दोन्ही एकमेकांत मिसळून सलग सूर लागला की विमान मार्गावर आहे असे समजायचे. एका केंद्रातून असे चारच मार्ग निघत. वारंवारता कमी असल्यामुळे आसपास विजा चमकू लागल्या की हेडफोनमध्ये नुसती खरखर, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच ही व्यवस्था दगा देई.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या व्हीओआर या नव्या रेडिओ केंद्रांच्या प्रणालीने ही अडचण सोडवली. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरींवर विजांचा त्रास नगण्य. केंद्र दोन संकेत पाठवते. एकाची कला (फेज) सगळ्या दिशांना सारखी असते, दुसऱ्याची दिशेनुसार बदलते. दोन्हींतला फरक मोजला की आपण केंद्राच्या कुठल्या रेषेवर आहोत ते कळते. चार मार्गांच्या जागी तीनशे साठ रेषा मिळाल्या. सोबतीला अंतर सांगणारे डीएमई आले आणि धावपट्टीपर्यंत उतरवून आणणारे आयएलएस तर त्याआधीपासून आकार घेत होते. रेडिओ रेंज केंद्रे मात्र १९७० च्या दशकापर्यंत रेंगाळत राहिली. जुने आणि नवे शेजारी शेजारी चालणे हा या क्षेत्राचा नियमच आहे, आणि निर्णय अवघड होतो तो त्यामुळेच.

व्हीओआरच्या संकेताची रचना तेव्हापासून बदललेली नाही. १९७५ सालचा रिसीव्हर दुरुस्त असेल तर आजही केंद्र पकडतो आणि बऱ्यापैकी अचूक रेषा दाखवतो. आता त्याच्यानंतर जन्मलेल्या लोरानचे काय झाले ते पाहा. लोरान-सी ही १०० किलोहर्ट्झवर चालणारी, मुळात जहाजांसाठी वापरली जाणारी प्रणाली. १९८० च्या दशकात तिचे स्वस्त रिसीव्हर छोट्या विमानांत येऊ लागले. कुठल्याही विमानतळाची सरळ दिशा, अंतर, जमिनीवरचा वेग हे सगळे एका पडद्यावर दिसू लागल्यावर व्हीओआरची सुई एकदम जुनाट वाटू लागली. अनेकांनी हौसेने लोरान बसवले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेने आपली बहुतेक लोरान केंद्रे बंद केली आणि सुस्थितीतले ते रिसीव्हर नुसते वजन होऊन बसले. समुद्रापार उड्डाणांसाठी वापरली जाणारी ओमेगा ही रेडिओ प्रणाली त्याच्याही आधी, ३० सप्टेंबर १९९७ ला गेली होती. अवघी आठ केंद्रे साऱ्या पृथ्वीला पुरत, हे तिचे वैशिष्ट्य. पण उपग्रहांपुढे ते फिके पडले.

आयएलएसची जागा घ्यायला निघालेल्या एमएलएसची कथा याहून बोलकी आहे. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तिचे तंत्र निवडले, वेळापत्रके ठरली, आयएलएसचे दिवस भरले असे गृहीत धरून बैठका झाल्या. तेवढ्यात जीपीएस पुढे आले आणि १९९४ मध्ये अमेरिकेने एमएलएसचा कार्यक्रम थांबवला. काही मोजके विमानतळ आणि लष्करी वापर सोडला तर ती फारशी रुजलीच नाही. आयएलएस आजही जगभर चालू आहे. तेव्हा 'थांबून पाहू' म्हणणाऱ्यांना मागासलेले समजले गेले असेल, पण हिशेब त्यांचाच बरोबर निघाला.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला. सप्टेंबर १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, त्यानंतर ही लष्करी प्रणाली नागरी वापरासाठी मोफत देण्याची घोषणा अमेरिकेने केली. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यरत झाली आणि मे २००० मध्ये नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली गेली. ढगांतल्या उड्डाणासाठी मान्यता मिळालेले पहिल्या पिढीचे रिसीव्हर तेव्हा पूरक साधन मानले जात. दुसरी व्यवस्था विमानात असलीच पाहिजे, अशी अट होती. २००३ मध्ये अमेरिकेत जीपीएसला जोड देणारी 'वास' (WAAS) प्रणाली सुरू झाली, पुढे युरोपात एग्नोस आणि भारतात गगन. या प्रणाली भूस्थिर उपग्रहांवरून दुरुस्त्या पाठवतात. त्यामुळे धावपट्टीवर एकही यंत्र न उभारता उंचीसह मार्गदर्शन मिळू लागले. जुन्या जीपीएस डब्यांना हे जमत नाही. चांगले चालणारे उपकरण केवळ कुवत कमी म्हणून मागे पडण्याचे हे ठळक उदाहरण.

याच टप्प्यावर ठेवणे आणि बदलणे यांच्या मधली एक वाटही निघाली. १९९८ मध्ये आलेला गार्मिनचा जीएनएस ४३० इतका पसरला, की पुढे तोच डबा कारखान्यात पाठवून आतला भाग बदलून 'वास'साठी सक्षम करून घेता येऊ लागला. पॅनेलमधले भोक तेच, वायरिंगही बहुतांशी तेच. असा पर्याय कायम मिळत नाही. उत्पादन थांबले की काही वर्षांनी पडदे आणि चिप मिळेनाशा होतात आणि दुरुस्तीही आटत जाते.

उपग्रहांच्या डब्यांना म्हातारपण येण्याची आणखी एक तऱ्हा आहे. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची मोजणी दहा बिटांत होते, म्हणजे १०२४ आठवडे झाले की आकडा पुन्हा शून्यावर. हे २१ ऑगस्ट १९९९ ला झाले आणि ६ एप्रिल २०१९ लाही. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची. सॉफ्टवेअर न सुधारलेले काही जुने रिसीव्हर अशा वेळी तारीख चुकवतात. डेटाबेस दर २८ दिवसांनी नवा लागतो, तो निराळाच. बोईंग ७४७-४०० मध्ये तो साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरावा लागे. विमान उडण्याजोगे असून फ्लॉपी शोधत बसायची वेळ यावी, हे थोडे हास्यास्पदच. सुईच्या व्हीओआरला डेटाबेस लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

हार्डवेअरच्या झिजेमुळेच निर्णय घ्यावा लागला असे एक उदाहरण आहे: जायरोंच्या मदतीने विमानाची हालचाल स्वतःच मोजत जाणारी इनर्शियल प्रणाली. तिला जमिनीवरचे काहीच लागत नाही, म्हणून तिचा आधार काढून घेणारेही कोणी नाही. १९७० मध्ये पहिल्या ७४७ विमानांत फिरत्या जायरोंचे संच होते. बेअरिंग झिजत, देखभाल महाग पडे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ७५७ आणि ७६७ मध्ये लेझर जायरो आले, फिरणारा भागच गेला, आणि तिथे बदलाबद्दल वाद घालण्यासारखे फारसे उरले नाही.

लहान विमानांत प्रश्न इतका सुटसुटीत नसतो. १९८० च्या दशकातल्या नॅव्ह-कॉम (दिशादर्शन आणि संभाषण एकत्र असलेल्या रेडिओ) संचांचे चमकणारे आकडे अंधुक होतात, ते पडदे आता सहज मिळत नाहीत. दुरुस्ती जाणणारे हात आणि चाचणीची जुनी यंत्रे दोन्ही कमी होत आहेत. शिवाय डबा एकटा नसतो. त्याच्यामागे निर्देशक, अँटेना आणि बहुतेकदा जुना ऑटोपायलट जोडलेला असतो. रेडिओ बदलायला घेतला आणि ऑटोपायलटशी त्याचे जमेना म्हणून खर्च दुप्पट झाला, हे कुठल्याही एव्हिऑनिक्स (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) दुकानात ऐकायला मिळेल. माझ्या मते दुरुस्तीचे पहिले बिल आले की लगेच निर्णय घेऊ नये. त्याच बिघाडासाठी दुसऱ्यांदा डबा बाहेर काढावा लागला की मात्र चालढकल करू नये.

दरम्यान जमिनीवरची केंद्रेही कमी होत आहेत. एनडीबी, म्हणजे सगळ्या दिशांना सारखाच संकेत पाठवणारी साधी रेडिओ केंद्रे, जगभर बंद होत चालले आहेत. १९९८ पासून अमेरिकेत बऱ्याच कामांसाठी एडीएफ (एनडीबीकडे सुई वळवणारे विमानातले उपकरण) आणि डीएमईऐवजी मान्यताप्राप्त जीपीएस चालते. तिथे व्हीओआरचेही किमान जाळे तेवढे राखायचे ठरले आहे. उपग्रह गेले तरी सलग भूभागावर १०० सागरी मैलांच्या आत उतरता येईल असा विमानतळ सापडावा, एवढा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब कागदावरचा राहिलेला नाही. जीपीएसचा संकेत वीस हजार किलोमीटरांवरून येतो आणि पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की जमिनीवरचे साधे यंत्रही तो दाबून टाकू शकते. २०२२ नंतर बाल्टिक भागात आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेला असे अडथळे नित्याचे झाले. एप्रिल २०२४ मध्ये एस्टोनियातल्या टार्टूला निघालेली फिनएअरची दोन विमाने परत फिरली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती. कंपनीने महिनाभर ती सेवा थांबवली. नंतर तिथे डीएमईवर आधारित पद्धत तयार करण्यात आली.

म्हणून आज जुने पॅनेल हाती आले तर मी तरी सगळे एकदम उपटणार नाही. आपल्या मार्गावर एनडीबी उरले नसतील तर एडीएफ खुशाल जावा. त्याची सुई तसेही वादळाकडे वळण्यासाठी प्रसिद्ध. दोन व्हीओआर असतील तर दोन्हींची तुलना करावी, फरक चार अंशांपेक्षा जास्त निघाला तर जो चुकतो तो आधी काढावा, दुसरा आयएलएससकट ठेवावा. डीएमई चालू असेल तर त्याला हात लावू नये. आणि जे काढाल त्याचा अँटेना आणि मेलेल्या केबलही काढून घ्या, विमानाचे वजन आणि तोल नव्याने मांडा, उपकरणांच्या यादीत दुरुस्ती करा. जुन्या विमानांची पॅनेले उघडली की दोन-दोन पिढ्यांपूर्वीच्या डब्यांच्या वायरी तशाच लोंबत असतात, आणि पुढच्या तंत्रज्ञाचा निम्मा वेळ त्या कशाच्या हे शोधण्यातच जातो.