स्वभावदर्शी स्टुडिओ व्यक्तिचित्र

स्टुडिओतील नियंत्रित प्रकाशात, केवळ चेहऱ्याची ओळख पटवण्यावर न थांबता व्यक्तीचा किंवा ती साकारत असलेल्या पात्राचा स्वभाव दिसेल अशा रीतीने काढलेले छायाचित्र. ओळखपत्राच्या फोटोची आणि याची साधने जवळपास तीच असतात. फरक पडतो तो दिव्याची जागा, कॅमेऱ्याचे अंतर आणि शटर दाबण्याची वेळ यांमुळे.

पॅरिसमध्ये १८५४ साली छायाचित्रकार दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि व्यक्तिचित्रे स्वस्त झाली. मात्र रंगवलेले पडदे आणि खोटे खांब यांच्यापुढे सगळेच गिऱ्हाईक एका साच्यातले दिसू लागले. त्याच शहरातले छायाचित्रकार नादार साध्या पार्श्वभूमीवर, बहुधा नुसता चेहरा आणि अंगावरचे कपडे एवढ्यावर काम भागवत. त्यांची चित्रे आजही जिवंत वाटतात. अमेरिकी छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये दोन फळ्यांचा अरुंद कोपरा करून त्यात नामवंतांना उभे केले. त्या अडचणीत कोण रेलते, कोण आक्रसते, यातूनच स्वभाव बाहेर आला.

दिवे लावण्याआधी एक विशेषण ठरवावे : करारी, मिश्कील, भिडस्त. दोन विशेषणे एका चित्रात कशीबशी मावतात, तीन मावत नाहीत. पात्राचे चित्र असेल तर ते पात्र त्या क्षणी काय लपवते आहे, हेही नटाला विचारून घ्यावे. ‘रागीट दिसा’ या सूचनेने फक्त भुवया आकसतात.

मुख्य दिवा साधारणपणे चेहऱ्यापासून ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून वर ठेवतात. तो आणखी बाजूला आणि वर सरकवला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरतो. हीच डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत; गंभीर, अंतर्मुख चेहऱ्याला ती शोभते. दिवा समोरून उंच ठेवल्यास गालफडे उठून दिसतात, चेहरा डौलदार होतो. पण डोळे खोल असतील तर खोबणी काळ्या पडतात. अशा वेळी दिवा थोडा खाली आणावा किंवा छातीशी पांढरा रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा फलक) धरावा. बुबुळात दिव्याचे प्रतिबिंब दिसत नसेल तर नजर विझलेली वाटते, मग भाव कितीही चांगला असो.

उजळ आणि सावलीच्या बाजूंत एका स्टॉपचा, म्हणजे दुपटीचा, फरक (२:१) मोकळा, प्रसन्न वाटतो. दोन स्टॉपचा (४:१) वजनदार, तीनचा (८:१) नाट्यमय. सर्वाधिक गल्लत इथेच होते. हसऱ्या चेहऱ्यावर ८:१ प्रकाश टाकला की भाव एक सांगतो आणि सावली दुसरेच. दिव्याचे अंतरही यात आले : ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर बसवलेली, प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर प्रकाश चौथाई होतो आणि सावलीच्या कडा कठोर होतात. पार्श्वभूमीसाठी वेगळे कागद लागतातच असे नाही. दिव्यापासून चेहरा एक मीटरवर आणि राखाडी कागद तीन मीटरवर असेल, तर कागदावर नवमांश प्रकाश पडतो आणि तो जवळजवळ काळा येतो.

चेहऱ्याची ठेवण लेन्स नव्हे, अंतर बदलते. मीटरच्या आत गेल्यास नाक मोठे आणि कान लहान होतात. विनोदी पात्रासाठी हे मुद्दाम करतात. एरवी पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिमी लेन्स आणि दीड ते दोन मीटर अंतर ठीक. ८५ मिमीवर, दीड मीटरवरून, एफ/१.८ ला (लेन्सचे छिद्र मोठे उघडून) स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ते अंतर, सुमारे तीन सेंमीच असते. मान वळलेली असेल तर दूरचा डोळा हमखास धूसर येतो. एफ/८ ला (छिद्र लहान करून) ती खोली १५ सेंमीच्या आसपास जाते. कॅमेरा डोळ्यांच्या थोडा खाली ठेवला तर अधिकार दिसतो, वर ठेवला तर माणूस लहान वाटतो.

हात हा दुर्लक्षित भाग. हाताची पाठ कॅमेऱ्याकडे आली तर तो चेहऱ्याएवढा मोठा दिसतो, कड दाखवावी. पात्राच्या हातातली वस्तू नुसती धरलेली नको, वापरात हवी : चष्मा पुसताना, बाही दुमडताना. बोटे कामात गुंतली की खांदे आपोआप उतरतात.

‘एक, दोन, तीन’ म्हटले की हसू गोठते. बोलणे चालू ठेवून, वाक्य संपल्यानंतरच्या क्षणी शटर दाबावे. ओटावा येथे ३० डिसेंबर १९४१ रोजी छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातला सिगार अचानक काढून घेतला आणि ती प्रसिद्ध करडी मुद्रा टिपली. हा उपाय सर्वांवर चालत नाही. फ्लॅश पुन्हा भारित व्हायला दोन सेकंद लागत असतील तर नेमका भाव निसटतो, म्हणून पूर्ण ताकदीऐवजी पाव ताकदीवर काम करावे. समोर स्क्रीन ठेवू नये. स्वतःला पाहताच माणूस सावध होतो.

संस्करणात दोन आठवड्यांत जाणारी पुटकुळी काढावी. व्रण, तीळ आणि कपाळावरच्या आठ्या ठेवाव्यात. डोळ्यांचे पांढरे जास्त उजळले की काचेचे डोळे बसवल्यासारखे दिसते.