सातेरी मधमाशी

सातेरी (शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका) ही पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी देशी मधमाशी. झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, सोडलेल्या वारुळात, जुन्या घराच्या भिंतीत तिचे मोहोळ सापडते. महाराष्ट्रात पेटीतल्या मधाचा उद्योग उभा राहिला तो प्रामुख्याने हिच्यावर. तिला ‘पाळीव’ म्हणण्याची रीत असली तरी तो शब्द सैल अर्थानेच घ्यावा लागतो. पेटी पटेल तोवर ती राहते, पटेनाशी झाली की अख्ख्या वसाहतीसह निघून जाते. तिच्या पालनाचे सारे तंत्र याच एका गोष्टीभोवती फिरते.

महाराष्ट्रातल्या इतर मधमाश्यांशी तिची तुलना केली की हे लवकर कळते. आग्या माशी कड्यावर, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भलेमोठे पोळे उघड्यावर लटकवते. अजिंठ्याच्या लेण्यांवरची आणि किल्ल्यांच्या कड्यांवरची आग्यामोहोळे पर्यटकांना चांगलीच ठाऊक आहेत. इवली फुलोरी माशी झुडपाच्या फांदीभोवती छोटेसे पोळे बांधते. या दोघींना उजेड आणि मोकळी हवा लागते, त्यामुळे त्यांना पेटीत कोंडण्याचे प्रयत्न फसतात. डंख नसलेली ट्रायगोना माशी मडक्यात किंवा पोकळ लाकडात राहते, पण तिचा मध अगदी थोडा. उरते सातेरी. आज पेट्यांमध्ये मोठ्या संख्येने दिसणारी मेलिफेरा ही युरोपीय वंशाची माशी खूप उशिरा आली. तिचा उल्लेख पुढे येईल.

वसाहत आणि वागणूक

एक राणी, हंगामापुरते नर आणि काही हजार कामकरी माश्या ही रचना सर्व मधमाश्यांना समान. अंड्यापासून राणी तयार व्हायला सुमारे १६ दिवस लागतात, कामकरी माशीला त्याहून चारेक दिवस अधिक. दोघींचे अंडे सारखेच असते, फरक पडतो तो खाद्याचा. ही माहिती शालेय पुस्तकांतही असते. सातेरीचे वेगळेपण बारीक गोष्टींत आहे. तिच्या नरांच्या बंद घरांवर शंकूसारखे टोपण असते आणि त्याला मधोमध छिद्र असते; मेलिफेराच्या पोळ्यात असे छिद्र दिसत नाही. झाडांचा डिंक आणून भेगा बुजवण्याची मेलिफेराची सवय हिला नाही. दुपारी दाराशी पंखांनी वारा घालणाऱ्या माश्या पाहिल्या तर मेलिफेराचे तोंड पेटीकडे असते, सातेरीचे बाहेर. एक आतली हवा बाहेर ओढते, दुसरी बाहेरची आत लोटते.

अंधारात राहणाऱ्या माशीला फुलांचा पत्ता सांगायचा तर सूर्य दिसत नाही. म्हणून सातेरी उभ्या पोळ्यावर नाचते आणि सूर्याच्या दिशेऐवजी ‘वर’ ही दिशा धरते. नाचाची सरळ रेघ उभ्या रेषेशी जो कोन करते, तोच कोन फुले आणि सूर्य यांच्यात असतो. फुलोरी मात्र पोळ्याच्या सपाट माथ्यावर, आकाशाखाली नाचते आणि थेट फुलांकडे रोख धरते. या नृत्यभाषेची उकल कार्ल फॉन फ्रिश यांनी मेलिफेरावर केली आणि त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत येऊन आशियाई माश्यांचे नाच तपासले, तेव्हा हा उघड्यावरून अंधारात जाण्याचा फरक पुढे आला. सातेरीचा चारा शोधण्याचा फेराही लहान असतो, साधारण किलोमीटरभराचा. म्हणजे पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न तिच्या बाबतीत जास्त काटेकोर ठरतो.

शत्रूंशी तिचे जुने नाते आहे आणि त्यातून आलेल्या युक्त्या थक्क करणाऱ्या आहेत. मोठी गांधीलमाशी दाराशी आली की शेकडो कामकरी तिच्यावर तुटून पडतात, तिला गोळ्यात दाबतात आणि छातीचे स्नायू थरथरवून ऊब वाढवतात. जपानमधील याच जातीच्या माश्यांवरील अभ्यासांत गोळ्याच्या आतले तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले आढळले. गांधीलमाशी त्यात मरते; मधमाशीची सहनशक्ती थोडी जास्त, म्हणून ती वाचते. व्हरोआ या रक्तपिपासू गोचिडीसारख्या किडीचे मूळ घरही सातेरीचेच कूळ. शतकानुशतके एकत्र राहिल्याने ही कीड तिच्याकडे मुख्यतः नरांच्या घरांतच वाढते आणि वसाहत तग धरते. आशियात आणलेल्या मेलिफेराला मात्र हा करार ठाऊक नव्हता. कीड तिच्या कामकरी पिल्लांतही वाढू लागली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या मधपाळांची ती सर्वांत मोठी डोकेदुखी झाली.

निघून जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि नवा मधपाळ त्यांची हमखास गल्लत करतो. फुलोरा भरात असताना वसाहत वाढते, नव्या राणीची घरे दिसू लागतात आणि जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते. ही वाटणी, मूळ पेटी रिकामी होत नाही. दुसरा प्रकार घर सोडण्याचा. मेणकिड्याने पोळी पोखरली, मुंग्या चढल्या, ऊन थेट पेटीवर आले, खाद्य संपले किंवा माणसाने वारंवार उघडझाप केली की राणी अंडी घालणे थांबवते, उरलेली पिल्ले बाहेर पडेपर्यंत माश्या वाट पाहतात, पोटात मध भरतात आणि एके दिवशी सगळ्याच उडून जातात. मागे राहतात रिकामी पोळी. मेलिफेरा असे क्वचितच करते. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, पेटी सावलीत, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूस, टंचाईत साखरेचा पाक ही सारी दक्षता हा दुसरा प्रकार टाळण्यासाठी असते. राणीला अडवणारी जाळी दाराशी लावून काही दिवस भागते, पण नाराज वसाहत तिने थांबत नाही.

कलेतील आणि ग्रंथांतील मध

इजिप्तमध्ये अबू गुराब येथे राजा नियुसेर्रे याच्या सूर्यमंदिरातील शिल्पपट्टीत (इ.स.पूर्व सुमारे २४००) माणूस आडव्या मातीच्या पोळेघरांपुढे बसलेला आहे, शेजारी मध भांड्यांत भरला जात आहे. तेथे मधमाशी शेतीचा भाग झाली होती. भारतीय कलेत मात्र मध ठळकपणे येतो तो रानातून. पचमढीच्या परिसरातील शैलचित्रांत माणसे मोहोळापर्यंत चढताना दिसतात, भोवती माश्या उधळलेल्या. रामायणात हनुमान लंकेहून परतल्यावर वानर सुग्रीवाच्या मधुवनात घुसतात आणि रखवालदार दधिमुखाला न जुमानता मध पितात. वन राखलेले आहे, माश्या राखलेल्या नाहीत. सांचीच्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर माकड बुद्धाला मधाचे पात्र अर्पण करते. वैशालीचा हा प्रसंग बुद्धचरित्रातील आठ महत्त्वाच्या घटनांत गणला गेला आणि पाल राजवंशाच्या काळातील मूर्तींमध्येही कोरला गेला. तो मधही माकडाने रानातूनच आणलेला.

सर्वांत दूरवर पोहोचलेली प्रतिमा महाभारताच्या स्त्रीपर्वातली. विदुर धृतराष्ट्राला सांगतो: माणूस विहिरीत वेलीला लटकला आहे, तळाशी साप, काठावर हत्ती, वेल उंदीर कुरतडत आहेत, आणि वरच्या मोहोळातून ठिबकणारा मध चाटण्यात तो गुंग. जैन परंपरेने हा ‘मधुबिंदू’ दृष्टान्त हस्तलिखितांत आणि मंदिरांच्या भिंतींवर वारंवार रंगवला. गोष्टीतले मोहोळ बहुधा आग्याचे असावे, सातेरी असे उघड्यावर पोळे टांगत नाही. चित्रकारांना या तपशिलाची फिकीर नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते.

वैद्यकाने मात्र माश्यांमध्ये फरक केला. सुश्रुतसंहिता मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल असे आठ प्रकार सांगते. यांतली कोणती माशी म्हणजे आजची सातेरी, याबद्दल ठामपणे बोलणाऱ्यांवर फार विसंबू नये. मराठी प्रदेशात पूजेतले पंचामृत, लग्नात वराला दिला जाणारा मधुपर्क आणि बाळाच्या जिभेवर लावलेले मधाचे बोट या चालीरीतींतून मध घरात राहिला. (तान्ह्या बाळाला मध देऊ नये असे आजचे वैद्यक सांगते, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम ही विषबाधा होऊ शकते.) दारोदार थोडे थोडे अन्न मागण्याच्या माधुकरीच्या प्रथेमागेही फुलाला न दुखावता रस नेणारी माशीच आहे, पुण्यात शिकायला आलेल्या कित्येक गरीब विद्यार्थ्यांची पोटे या प्रथेवर भरली.

माणसाने सातेरीला घरात जागा दिली ती हिमालयात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड येथील जुन्या घरांच्या जाड भिंतीत कोनाडे ठेवलेले असतात, बाहेरून माशीला पुरेसे छिद्र, आतून फळीचे झाकण. मध आतल्या बाजूने काढतात. पोळे कापावे लागत असले तरी वसाहत टिकते.

पेटी

आधुनिक पेटीचे मूळ एका मोजमापात आहे. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये ओळखले की दोन पृष्ठभागांत सुमारे सहा ते नऊ मिलिमीटर जागा सोडली तर माश्या ती मेणाने भरत नाहीत, वाट म्हणून वापरतात. त्यामुळे पोळे चौकटीत बांधले जाते आणि चौकट न मोडता बाहेर काढता येते. पुढे १८६५ मध्ये मध काढण्याचे फिरते यंत्र आले आणि रिकामे पोळे माश्यांना परत देणे शक्य झाले. पण लँगस्ट्रॉथची पेटी सातेरीला मोठी पडते. जास्तीची पोकळी तिला राखता येत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन या जेझुइट धर्मगुरूंनी तिच्या मापाची छोटी पेटी बनवली. ‘न्यूटन पेटी’ तमिळनाडूतील मार्तंडमच्या वायएमसीए (ख्रिस्ती युवक संघटना) केंद्रासारख्या संस्थांमार्फत पसरली. वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानेही मधमाशीपालन हाती घेतले.

महाराष्ट्रात हा उद्योग रुजला तो महाबळेश्वरात. येथील मध संचालनालय १९४६ पासूनचे, आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या अखत्यारीत. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरचा पाऊस सातेरीला सोसणारा नाही. जून ते सप्टेंबर माश्या जवळपास कोंडलेल्या असतात आणि पाकावर जगवाव्या लागतात. भरपाई फुले करतात. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, अंजनी अशी झाडे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक फुलतात. जांभळाचा मध किंचित तुरट, गडद. व्हायटी आणि आखरा ही झुडपे काही वर्षांच्या अंतराने फुलतात, कारवी सात-आठ वर्षांतून एकदा. कारवीचे वर्ष आले की मधपाळ आधीपासून वसाहती वाढवून ठेवतात. त्या वर्षी चुकले तर पुढची संधी दशकभरात एखादीच.

चांगल्या वर्षी सातेरीच्या पेटीतून पाच ते दहा किलो मध मिळतो. दमट हवेमुळे त्यात पाण्याचे प्रमाण जास्त राहते आणि वीस टक्क्यांच्या वर गेले की मध आंबू लागतो, म्हणून पोळ्याची घरे मेणाने बंद झाल्यावरच चौकट काढायची, हा साधा नियम. घाई करणारे तो मोडतात. गोठलेला मध भेसळीचाच असतो हा शहरी समज मात्र चुकीचा आहे. पुष्कळ फुलांचा अस्सल मध रवाळ होतो. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावची निवड झाली.

रोग आणि स्पर्धा

मेलिफेरा भारतात १९६० च्या दशकात आली, आधी कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे (१९६२), मग पंजाबच्या मैदानात. एका पेटीतून कितीतरी पट मध देणारी आणि सहसा पेटी न सोडणारी ही माशी मोहरी, सूर्यफूल, लिची यांच्या पट्ट्यांत व्यापाऱ्यांना सोयीची ठरली. सातेरीवर मोठा घाव बसला तो १९९१-९२ च्या सुमारास. थायी सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या वसाहती उद्ध्वस्त केल्या. केरळात तर बहुसंख्य पेट्या रिकाम्या झाल्या. रोगट अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. औषध नाही. राणी बदलून किंवा काही काळ अंडी थांबवून साखळी तोडायची आणि ज्या वसाहती स्वतःहून वाचल्या त्यांच्यापासून पुढे वाढवायच्या, एवढाच उपाय उरला. त्या काळात पुष्कळ मधपाळ मेलिफेराकडे वळले.

सह्याद्रीच्या दाट, पावसाळी पट्ट्यात मात्र मेलिफेरा तितकीशी जमत नाही. तिला मोठे, सलग फुलोरे लागतात, ट्रकमधून फिरवावे लागते. विखुरलेली रानफुले, थोडा थोडा मकरंद आणि चार महिन्यांची उपासमार यांच्याशी सातेरीचाच मेळ बसतो. तिची निवडक पैदास अजून फारशी झालेली नाही. राणी उंच हवेत, कुठल्या कुठल्या रानटी नरांशी संग करते आणि त्यावर ताबा ठेवायला बेटासारखी एकाकी जागा किंवा कृत्रिम रेतन लागते. बहुतेक मधपाळ आजही नवी पेटी भरायची तर जंगलातली ढोली किंवा वारूळ शोधतात, पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटीला बांधतात आणि राणी आत आली की दार लावतात. ती राहील की नाही हे पुढच्या आठवडाभरात कळते.